गुऱ्हाळाच्या डब्यातली हिरवी वायर

शनिवारी संध्याकाळी दुकान आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा राखाडी प्लास्टिकचा डबा घेऊन आला. डबा काउंटरवर टेकवायच्या आधीच म्हणाला, "दादा, बोर्ड उडालाय बहुतेक. तीनदा ड्रायव्हर टाकून बघितला."

उडालेल्या बोर्डाला ड्रायव्हर टाकून काय उपयोग, हे विचारायचं मी टाळलं. प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की पोरं अशीच बोलतात. डबा उघडायला सांगितला.

आधी प्रोजेक्टबद्दल दोन शब्द. त्याच्या मामाचं कोल्हापूरजवळ गुऱ्हाळ आहे. उसाचा रस काहिलीत आटतो, आणि गूळ कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांत धरून त्याची गोळी होते का बघतो, आणि हात वर करतो. घट्ट ढेपेच्या गुळासाठी हा क्षण साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. पोराला हीच गोष्ट आकड्यात पकडायची होती. काहिलीत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), त्याचं सिग्नल वाचायला मॅक्स६६७५ ही चिप, ती जोडलेली एका ब्लू पिल बोर्डाला, आणि तिथून यूएसबीनं लॅपटॉपवर चालता आलेख. मेमरी कार्डावर नोंद ठेवणं सोपं झालं असतं, पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला 'लाइव्ह' दाखवायचं होतं.

ब्लू पिल ज्यांनी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बोटं रुंद निळी पट्टी, मधोमध एसटीएम३२एफ१०३ ही चिप, एका टोकाला मायक्रो यूएसबी सॉकेट, दोन्ही कडांना बर्ग पिनांच्या रांगा. तिचा कुणी एक मायबाप नाही. तोच नकाशा डझनभर ठिकाणी छापला जातो, त्यामुळे एका पाकिटातले दोन बोर्डही सारखे निघतील याची खात्री नसते. तरी मी पोरांना तीच घ्यायला सांगतो, कारण त्या पैशात एवढी ताकदीची चिप दुसरीकडे मिळत नाही. तिच्या खोड्या मात्र माहीत हव्यात, आणि हे प्रकरण त्या खोड्यांचंच आहे.

डब्यात काय होतं ते सांगतो. झीरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर, ब्लू पिल आणि मॅक्स६६७५ची छोटी पट्टी. डब्याच्या भिंतीवर प्रिंटरला असतं तसलं चौकोनी यूएसबी-बी सॉकेट, तयार वायरी जोडलेलं. लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार वायरी तिथून निघून बोर्डाच्या कडेच्या पिनांवर सोल्डर केलेल्या. बोर्डाचं स्वतःचं मायक्रो सॉकेट वापरलेलंच नव्हतं.

"ह्याला का नाही जोडलं?"

"पहिल्या बोर्डाचं तेच उपटलं ना दादा. केबल ओढली गेली आणि पट्ट्यांसकट हातात आलं."

हे पटण्यासारखं होतं. या बोर्डावरचं मायक्रो सॉकेट वरच्या वर चिकटवलेलं असतं, बोर्डातून आरपार जाणारे भक्कम पाय त्याला नसतात. चार-सहा महिने रोज काढ-घाल केली की ते हलायला लागतं. म्हणून दुसऱ्या बोर्डाला त्यानं डब्यावर मजबूत सॉकेट लावलं आणि वायरी थेट पिनांवर नेल्या. डोकं चांगलं चालवलं होतं. यूएसबीच्या दोन डेटा लाइनी चिपच्या पीए११ आणि पीए१२ पायांवर येतात, बोर्डावर ते ए११ आणि ए१२ असे छापलेले असतात. ए११ म्हणजे डी मायनस, ए१२ म्हणजे डी प्लस. त्यानं पांढरी ए११ला लावली होती आणि हिरवी ए१२ला. यूएसबीच्या रंगांचा संकेत तसाच आहे: लाल पाच व्होल्ट, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, काळी ग्राउंड. मी बघितलं, मान डोलावली आणि पुढे गेलो. पहिली चूक माझी, ती इथेच झाली.

लक्षणं त्यानं सांगितली ती अशी. विंडोज १० चा लॅपटॉप. केबल लावली की 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड', डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड ४३. बोर्डावरचा लाल दिवा लागतो. कोडातून चमकवायचा पीसी१३ चा दिवाही बरोबर सेकंदाला चमकतो. मग जाता जाता आणखी एक वाक्य: "कधी कधी तर लॅपटॉप टिंगसुद्धा करत नाही. केबल लावलीय हेच त्याला कळत नाही." मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. दुसरी चूक.

आधी उडालेल्या बोर्डाचा मुद्दा निकालात काढू. दिवा चमकतोय म्हणजे चिप जिवंत आहे आणि कोड चालू आहे. कोड आत गेला एसटी-लिंकवरून, म्हणजे चिपमध्ये कोड भरायच्या छोट्या यंत्रावरून. या चिपमध्ये कारखान्यातून येणारा बूटलोडर, म्हणजे नवा कोड आत घेणारा छोटा प्रोग्राम, यूएसबी जाणतच नाही, तो सीरियल पोर्टवर चालतो. त्यामुळे कोरी ब्लू पिल लॅपटॉपला लावली आणि काही दिसलं नाही तर ती बिघडलेली नसते, तिच्यात यूएसबी बोलणारा कोडच नसतो. कोऱ्या बोर्डाला कंटाळून लोकांनी ड्रॉवरात टाकलेल्या तीन-चार ब्लू पिल माझ्याकडे आल्यात, सगळ्या ठणठणीत होत्या.

मित्रांनी त्याला 'चिप डुप्लिकेट असणार' असंही सांगितलं होतं. तेही बघून घेतलं. एसटी-लिंकनं विचारल्यावर चिपनं ओळख दिली १बीए०१४७७. बाजारात फिरणाऱ्या काही नकला इथे २बीए०१४७७ म्हणतात. ही अस्सल वाटत होती. आणि नक्कल असती तरी यूएसबी बंद पडेलच असं नाही.

ड्रायव्हरचं म्हणाल तर त्याचा कोड लॅपटॉपला साधा आभासी सीरियल पोर्ट दाखवणारा होता. विंडोज १० ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो आतच असतो. ज्याची गरजच नव्हती ते त्यानं तीनदा टाकलं होतं. शिवाय कोड ४३ सोबत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं आलं तर गाडी ड्रायव्हरपर्यंत पोचलेलीच नसते. संगणकानं विचारलं 'तू कोण?', आणि त्याचं धड उत्तर आलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. ड्रायव्हर कुठला लावायचा हे त्या उत्तरावर ठरतं.

केबलचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला. मोबाइलच्या चार्जिंगच्या केबलांत बऱ्याचदा डेटाच्या वायरी नसतातच, पण ही प्रिंटरची केबल होती. तीच केबल माझ्या आर्डुइनो उनो बोर्डाला लावली, पोर्ट लगेच दिसला.

मग माझ्या टेबलावरच्या उबंटू लिनक्सच्या जुन्या डेस्कटॉपला डबा लावला आणि कर्नलचा लॉग, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची नोंदवही, उघडला. विंडोज एका ओळीत हात झटकतं, लिनक्स निदान तक्रार तपशिलात सांगतं. ओळी इंग्रजीत होत्या, देवनागरीत अशा लिहिता येतील:

न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७
डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१
डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१

पुढे नंबर ८, परत तेच. शेवटी 'अनेबल टु एन्युमरेट', म्हणजे यंत्राची ओळख करून घेता आली नाही.

माझी नजर थेट उणे ७१ वर गेली. लिनक्समध्ये ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर: काहीतरी ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. उणे ११० आलं असतं तर तो टाइमआउट, म्हणजे समोरून काहीच आलं नाही. ७१ बघून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की क्लॉक, म्हणजे चिपला चालवणारा ठोका, चुकलाय. यूएसबी फुल-स्पीडला चिपच्या आत नेमके ४८ मेगाहर्ट्झ लागतात, आणि चूक पाव टक्क्याच्या आत असावी लागते. ब्लू पिलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याला ९ नं गुणून ७२, आणि ७२ ला दीडनं भागून ४८. कोडात चुकून क्रिस्टलऐवजी चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर निवडला गेला तर तो जेमतेम एक टक्का अचूक असतो, यूएसबीला तो चालत नाही. पोरं ही चूक नेहमी करतात, म्हणून मी तीच धरून बसलो.

कोड बघितला, क्लॉकची निवड बरोबर. तरी समाधान होईना. ए८ पायावर क्रिस्टलचा क्लॉक बाहेर काढायची सोय चिपमध्ये असते, ती चालू करून स्कोप (लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. ८ मेगाहर्ट्झ, स्वच्छ. क्रिस्टलचे दोन्ही पाय परत सोल्डर केले, उगाचच. दुसरा पोर्ट लावून बघितला. लाल वायरीवर व्होल्टेज मोजलं, ४.९. रेग्युलेटरच्या पुढे ३.३. यात तासभर गेला. समोरच्या गाड्यावरून चहा आला. चहा पिता पिता पोराला लॉग कसा वाचायचा ते समजवायचं म्हणून मी ओळी पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागलो, आणि पहिल्याच ओळीत अडकलो.

लो-स्पीड?

आमचं यंत्र लो-स्पीड नव्हतंच. या चिपची यूएसबी फक्त फुल-स्पीड आहे, १२ मेगाबिट. लो-स्पीड म्हणजे दीड मेगाबिट, जुने माउस आणि कीबोर्ड त्यावर चालतात. मग संगणकाला हे कुणी सांगितलं?

हे सांगणारा एक रेझिस्टर असतो. नवं यंत्र लागलं की संगणक आधी एकही शब्द बोलत नाही, नुसतं बघतो की दोनपैकी कुठली डेटा लाइन वर ओढली गेलीय. फुल-स्पीड यंत्रानं डी प्लसला दीड किलोओहमच्या रेझिस्टरनं ३.३ व्होल्टकडे ओढायचं, लो-स्पीड यंत्रानं डी मायनसला. बस. ब्लू पिलवर हा रेझिस्टर डी प्लसला, म्हणजे ए१२ला, कायमचा जोडलेला असतो. संगणकाला तो डी मायनसवर दिसत असेल, तर वाटेत कुठेतरी दोन वायरींची अदलाबदल झालेली आहे. दुसरा अर्थच निघत नाही.

"पण मी रंग बघून लावलंय दादा."

"लावलंयस बरोबरच. मीसुद्धा बघितलं."

मीटर बीपवर घेतला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. इथे एक युक्ती सांगतो, कारण सॉकेटचे पाय मोजताना समोरून बघायचं की मागून, यात माणूस हमखास फसतो. सॉकेट बघूच नये. केबल सॉकेटमध्ये घालावी आणि तिचं दुसरं टोक, संगणकात जाणारा चपटा प्लग, हातात घ्यावा. त्यात चार सोनेरी पट्ट्या एका ओळीत दिसतात, कडेच्या दोन जरा लांब, मधल्या दोन आखूड. डब्यातल्या लाल वायरीला जी कडेची पट्टी वाजते ती पाच व्होल्टची, आणि तिला लागून असलेली पट्टी डी मायनस. काळीला वाजते तिच्या शेजारची डी प्लस. प्लग कसाही धरला, उलटा किंवा सुलटा, तरी हे बदलत नाही. अर्थात केबल संगणकातून काढून.

लालच्या शेजारच्या पट्टीवर एक प्रोब ठेवला, दुसरा पांढऱ्या वायरीला. गप्प. हिरव्याला लावला, बीप.

तयार वायरींच्या त्या सॉकेटमध्ये बनवणाऱ्यानं हिरवी आणि पांढरी उलटी जोडली होती. पोरगा बिचारा संकेताप्रमाणे वागला. रंग हा नुसता संकेत असतो, आणि स्वस्त सॉकेट बनवणारा हाताला लागेल ती वायर लावतो.

यात मला आवडलेला एक बारकावा आहे. लो-स्पीडमध्ये दोन्ही लाइनींचा उंच-सखल अर्थ फुल-स्पीडच्या बरोबर उलटा असतो. आणि आमच्या वायरीही उलट्या. त्यामुळे संगणक जे बोलत होता ते बोर्डाला अर्थानं सरळच पोचत होतं, फक्त आठपट संथ. जणू समोरचा माणूस आपल्याच भाषेत बोलतोय, पण एकेक अक्षर तोंडात घोळवत. बोर्डाला त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. उणे ७१ चा उगम तो.

हिरवी ए११ला नेली, पांढरी ए१२ला. केबल लावली. 'न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस', आणि लगेच खाली सीरियल पोर्ट. पोरानं थर्मोकपलचं टोक चहाच्या ग्लासात बुडवलं. आकडे पाव-पाव अंशानं चढायला लागले, मॅक्स६६७५ तेवढ्याच पायऱ्यांनी वाचतो. साडेनऊला दुकान बंद केलं.

सोमवारी दुपारी फोन. मागून चरकाचा आवाज. "दादा, इथं दिसंना झालंय. तुमच्याकडं चाललं होतं की."

त्यानं फोनवरच कारणांची यादी वाचली. चुलवाणाची धग, धूर, जनरेटरची लाइन. मी म्हटलं, लॅपटॉपचा चार्जर काढ आणि बॅटरीवर बघ. तसंच. दुसऱ्या पोर्टला लाव. एकदा दिसला, परत गेला. मग त्यानं मित्राचा जुना यूएसबी हब मध्ये लावला, तर चालला! हब काढला की बंद. हे ऐकल्यावर मी त्याला डबा आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन यायला सांगितलं. मध्ये एक जास्तीचं यंत्र घालून सिग्नल सुधारतो म्हणजे अडचण कोडात नाही आणि वायरींच्या क्रमातही नाही. ती व्होल्टेजमध्ये असणार. आणि आता शनिवारचं ते वाक्य आठवलं: कधी कधी टिंगसुद्धा करत नाही. उलट्या वायरींनी हे लक्षण येत नाही. उलट्या वायरी असल्या तरी संगणकाला 'कुणीतरी आलंय' हे कळतंच. दुसरा दोष पहिल्या दिवसापासून तिथे होता आणि पोरानं तो सांगितलेलाही होता.

तो संध्याकाळी आला. डबा त्याच्या लॅपटॉपला लावला, मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल ए१२ला. १.९६ व्होल्ट. तोच डबा माझ्या डेस्कटॉपला: २.१९. केबल काढून एसटी-लिंकवर बोर्ड चालू ठेवला, तर ए१२वर पूर्ण ३.३.

हे तीन आकडे शेजारी मांडले की सगळं दिसतं. यूएसबीच्या नियमाप्रमाणे लाइन 'वर' आहे असं खात्रीनं मानायला किमान २.० व्होल्ट लागतात. माझा डेस्कटॉप जेमतेम त्या रेषेच्या वर, त्याचा लॅपटॉप जेमतेम खाली. रेषेखाली गेलं की चालणं न चालणं त्या पोर्टच्या मर्जीवर.

भिंग घेऊन बोर्डाचा आर१० बघितला. हाच तो डी प्लसला वर ओढणारा रेझिस्टर. दीड किलोओहमचा असता तर पाठीवर १५२ लिहिलेलं असतं. इथे लिहिलं होतं १०३. दहा किलोओहम.

ही ब्लू पिलची जुनी, सर्वांना ठाऊक असलेली खोडी. बऱ्याच बोर्डांवर दीडच्या जागी १० किलोचा रेझिस्टर बसवलेला असतो, काहींवर ४७२, म्हणजे ४.७ किलोचा. मला हे माहीत होतं. तरी शनिवारी पोर्ट दिसल्याच्या आनंदात मी आर१० कडे बघितलंही नाही.

गणित सोपं आहे. संगणकाच्या बाजूला प्रत्येक डेटा लाइन साधारण १५ किलोओहमनं खाली ओढलेली असते. वरून १० किलो, खालून १५ किलो, मध्ये ए१२. ३.३ गुणिले १५ भागिले २५, म्हणजे १.९८ व्होल्ट. दीड किलो असता तर ३.३ गुणिले १५ भागिले १६.५, बरोबर ३ व्होल्ट. वरचा रेझिस्टर योग्य असला की खालचा थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडत नाही, पण १० किलो असला की सगळा खेळ खालच्यावर जातो. माझ्या डेस्कटॉपचा आकडा उलटा सोडवला तर त्याचा खालचा रेझिस्टर २० किलोच्या जवळ निघतो, म्हणून तिथे निभावलं. हबचाही तसाच असणार. आणि संगणकाशिवाय मोजलं की खाली ओढणारं कुणी नसतं, ३.३ दिसतात आणि बोर्ड निर्दोष वाटतो. नुसत्या टेबलावर मोजून हा दोष कधी सापडायचा नाही.

आर१० काढून १५२ बसवणं हा पुस्तकी उपाय. पण तो मोहरीएवढा असतो आणि पोराच्या सबमिशनला चार दिवस होते, तिथे मी धोका घेत नाही. ड्रॉवरातला पाव वॅटचा साधा १.८ किलोचा रेझिस्टर (तपकिरी, करडा, लाल) घेऊन ए१२ आणि ३.३ व्होल्ट या दोन पिनांमध्ये झीरो पीसीबीच्या मागून लावला. १० किलो आणि १.८ किलो समांतर म्हणजे १.५२५ किलो, नियमाच्या पाच टक्क्यांच्या आत. परत त्याच्या लॅपटॉपवर मोजलं, २.९९. वीस वेळा केबल काढली-घातली, वीसही वेळा टिंग झालं.

डबा उघडलाच होता म्हणून बाकीचंही उरकलं. चौकोनी सॉकेटपासून बोर्डापर्यंतच्या वायरी ३५ सेंटीमीटर होत्या, डब्यात गुंडाळी करून कोंबलेल्या, थर्मोकपलच्या वायरीला लागून. त्या १२ सेंटीमीटरवर आणल्या, हिरवी-पांढरीला एकमेकींभोवती पीळ दिला. थेट पिनांवर सोल्डर केल्यामुळे आणखी एक गोष्ट निसटली होती. बोर्डाचं मायक्रो सॉकेट आणि चिप यांच्या मध्ये २२ ओहमच्या आसपासचे दोन बारके रेझिस्टर असतात, आमची वाट त्यांना वळसा घालून जात होती. दोन्ही डेटा वायरींत एकेक २२ ओहम घातला. त्याशिवायही चाललं असतं, पण आता डबा गुऱ्हाळावर जाणार होता.

एक कुरकुर त्यानं मग केली, आधी ती त्याला सवयीची वाटत होती. एसटी-लिंकनं नवा कोड टाकला की यूएसबी केबल काढून परत लावावी लागे. हाही त्या कायमच्या रेझिस्टरचाच परिणाम. चिप रीसेट होते, पण ए१२ वरच ओढलेला राहतो, त्यामुळे यंत्र गेलं आणि परत आलं हे संगणकाला कळत नाही. तो जुनंच संभाषण पुढे चालवायला बघतो. उपाय कोडात आहे: सुरुवातीला, यूएसबी चालू करण्याआधी, ए१२ला साधा आउटपुट करून १० मिलिसेकंद शून्यावर धरायचा आणि मग सोडायचा. संगणकाला वाटतं केबल निघाली आणि लागली. तीन ओळी टाकल्या, कुरकुर थांबली.

गुऱ्हाळावर लॅपटॉप बॅटरीवरच चालव, हे मात्र बजावून सांगितलं. त्याच्या चार्जरला दोनच पिना. थर्मोकपलची नळी काहिलीला टेकलेली, काहील चुलवाणातून जमिनीला. चार्जरची गळती यूएसबीच्या ग्राउंडवरून थर्मोकपलमध्ये उतरली की आकडे नाचतात, आणि मग परत आपण यूएसबीलाच शिव्या देत बसतो.

पुढच्या रविवारी मी स्वतः गेलो, ताज्या काकवीचं निमित्त पुरेसं होतं. चिपाडाचा जाळ, काहिलीवर वाफेचा ढग, पोरगा दहा फुटांवर लॅपटॉप घेऊन बाजल्यावर. रेघ चढत चढत ११७ वर गेली तेव्हा गुळव्यानं थेंब पाण्यात सोडला, गोळी केली, परत टाकली. थांबला. ११८ ला दुसरा थेंब, आणि त्यानं हात वर केला. पोरानं मला खुणावलं. गुळव्यानं लॅपटॉपकडे एकदा बघितलं आणि मामाला म्हणाला, "ह्या यंत्राला माझ्याआधी कळलं तर सांगा."

डबा बंद करायच्या आधी मी झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. पुढच्या कुणी रंग बघून 'दुरुस्ती' करायला जाऊ नये म्हणून: हिरवी ए११, पांढरी ए१२. चुकलेलं नाही, असंच ठेवणे.